ओडेल स्टँपरचं छोटं पिस्तूल

ओडेल स्टँपरची पँट खाली आली ती ईस्टरच्या रविवारी, भर चर्चमध्ये, सगळे प्रार्थनेला उभे असताना. दोष पँटचा नव्हता. कमरेला लटकवलेलं त्याचं सहा गोळ्यांचं जुनं रिव्हॉल्व्हर चांगलं दीड किलोचं होतं, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून ओडेलनं हिवाळाभर वजन उतरवलं होतं. प्रार्थना डोळे मिटून करतात म्हणे. त्या दिवशी एकाचेही मिटलेले नव्हते. आतल्या चड्डीवर बदकं होती, हे आजही स्लेट क्रीकमध्ये कुणालाही विचारा, रंगासकट सांगतील.

आता चर्चमध्ये रिव्हॉल्व्हर कशाला, तर आमच्या चर्चचं पहारा मंडळ आहे. अर्कान्सामध्ये आमच्या भागात बहुतेक चर्चचं असतं. सहा पुरुष, साठीपुढचेच सगळे, एक लायल सोडला तर. कोटाखाली हत्यार ठेवून कुणी दारात, कुणी मागच्या बाकावर, कुणी गाड्यांपाशी. अकरा वर्षांत मंडळानं मोडून काढलेला सगळ्यात मोठा दंगा म्हणजे रविवारच्या शाळेत घुसलेला एक बोकड. पण मंडळ म्हणजे मंडळ.

ओडेलची जागा पुढच्या दारात. एकतीस वर्षं त्यानं गॅसचा टँकर चालवला, हाडं गोठवणाऱ्या थंडीत उघड्या हातांनी घरोघरच्या टाक्यांचे नळ फिरवले. निवृत्त झाल्यावर त्याच्यावाचून कुणाचं काही अडेना. मुलगी टल्साला, तिचा आठवड्याला एक फोन. तेवढं एक दार होतं, जिथं तो नसला की लोक विचारायचे, "ओडेल कुठंय आज?" ते दार गेलं असतं तर त्यानं रविवारी अंथरुणातून उठावं कशासाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

बदकांच्या प्रकरणानंतर मंडळाची बैठक बसली आणि ठराव झाला: यापुढे सगळ्यांनी छोटं, खिशात मावणारं, आपोआप पुढची गोळी चढवणारं पिस्तूल बाळगायचं. आणि सप्टेंबरात चाचणी. जो नापास, तो मंडळातून बाहेर.

सोमवारी ओडेल पर्व्हिसच्या दुकानात हजर. पर्व्हिसकडे एका भिंतीला बंदुका आणि दुसऱ्या भिंतीला फ्रिज, त्यात मासे धरायची जिवंत गांडुळं. गिऱ्हाईक एकाच फेरीत दोन्ही नेतं.

"काय दाखवू, ओडेलकाका?"

"सगळ्यात लहान दाखव. पण गोळी सगळ्यात मोठी पाहिजे."

पर्व्हिसनं मान खाजवली. "काका, ही दोन्ही एकत्र आली की हात फोडून काढतात. पिस्तूल जेवढं लहान तेवढा झटका मोठा. आणि ही वरची स्लाइड बघा. ही मागे खेचल्याशिवाय पहिली गोळी नळीत चढत नाही. लहान पिस्तुलात स्प्रिंग इतकी कडक असते की..."

"मला शिकवू नकोस. तुझ्या बापाला मी बंदूक धरायला शिकवलंय."

"म्हणून तर त्यांनी स्वतःच्या पायात गोळी घातली," पर्व्हिस म्हणाला आणि काउंटरवर तीन पिस्तुलं मांडली.

पहिलं ओडेलनं उचललं, डोळ्यांजवळ नेलं, जाणकारासारखं हुंकारलं आणि परत ठेवलं. "तूच खेचून दाखव. दुकान तुझं आहे."

खरं सांगायचं तर त्याला खेचता येणार नव्हतं. सहा वर्षं त्याची बोटं सांध्यांत सुजत होती. सकाळी शर्टाची बटणं लावायला पाव तास लागायचा, आणि तेवढा वेळ तो न्हाणीघरात गाणं म्हणायचा, म्हणजे बायकोला वाटावं की स्वारी खुशीत आहे. त्याचं गाणं ऐकून तसं कुणालाही वाटलं नसतं, ते सोडा.

पर्व्हिस खुळा नव्हता. त्यानं हळूच तिसरं पिस्तूल पुढं सरकवलं. "हे घ्या ना काका. गोळी जरा लहान, पण स्लाइड लोण्यासारखी. माझी आई हेच वापरते."

झालं! संपलं त्या पिस्तुलाचं. पर्व्हिसची आई एक्क्याऐंशी वर्षांची, वॉकर घेऊन चालणारी. मंडळात कुणी विचारलं, "ओडेल, कुठलं घेतलंस?" तर काय सांगायचं, पर्व्हिसच्या आईचं?

त्यानं मधलं उचललं. मुठीएवढं, काळं, गोळी पंचेचाळीस कॅलिबरची, दिसायला एकदम खाष्ट. ते त्यानं डंगरीच्या छातीवरच्या खिशात घालून पाहिलं, मागच्या खिशात घालून पाहिलं, एकदा तर टोपीखालीही. मग फॉर्म भरला, पर्व्हिसनं सरकारी चौकशीचा फोन केला, आणि ओडेल पिस्तूल आणि दोन डबे गांडुळं घेऊन घरी आला.

घरामागच्या कुरणात त्यानं पहिल्यांदा ते चालवायचं ठरवलं. चालवायच्या आधी खेचायला हवं. अंगठा आणि बोटानं खेचलं, हलेना. पट्ट्यात अडकवून खेचलं, तर पट्टाच आला. कुंपणाच्या खांबाला घासून पाहिलं, खांब डुगडुगला. शेवटी खुर्चीत बसून गुडघ्यांत धरून असा काही जोर लावला की पिस्तूल निसटून कुत्र्याच्या पाण्यात पडलं. कुत्रा त्याच्याकडं बघत बसला. त्या नजरेत आदर नव्हता.

त्याची बायको व्हर्लीन स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं बघत होती. तिनं चाळीस वर्षं शाळेच्या मुदपाकखान्यात तीनशे पोरांसाठी कणीक मळली आहे. ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"आण इकडं."

"तुला जमायचं नाही बाई. स्प्रिंग फार..."

खट्! एका झटक्यात खेचून तिनं पिस्तूल त्याच्या हातात दिलं. "बिस्किटं दहा मिनिटांत होतील," म्हणाली आणि आत गेली. ओडेलनं एक गोळी झाडली. नेम धरलेला डबा जागेवरच राहिला. टोपी उडाली, मनगट झिणझिणलं, आणि कुत्रा दोन दिवस घराखालून बाहेर आला नाही.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी तोच क्रम. व्हर्लीन आरशापुढं लिपस्टिक लावायची, ओडेल मागं येऊन उभा राहायचा आणि छताकडं बघत म्हणायचा, "ते जरा बघतेस का?" खट्. पिस्तूल खिशात, आणि ओडेल ऐटीत दारात. एप्रिल गेला, जून गेला, मंडळातल्या कुणाला पत्ता नाही.

पण सप्टेंबर काही टळला नाही. व्हर्लीन म्हणाली, "अरे, सांगून टाक ना त्यांना."

"सांगू? म्हणजे त्यांनी मला दारातून काढून झाडाखाली म्हाताऱ्यांत बसवावं?" ओडेल ओरडला. मग खाली मान घालून पुटपुटला, "दार गेलं तर मी काय करू, व्हर्लीन?" तिनं त्याच्या ताटात बटाटे वाढले.

चाचणी शनिवारी सकाळी हार्मनच्या खडीच्या खाणीत. सहा पुरुष, सहा गाड्या, आणि नंतरच्या जेवणासाठी तळलेली कोंबडी आणि भरलेली अंडी मांडीवर घेऊन गाड्यांत बसलेल्या बायका. परीक्षा घ्यायला ट्वायला बर्च, तुरुंगातून निवृत्त झालेली जमादारीण. हिच्यासमोर पाद्रीसुद्धा पोट आत घेतात.

"पिस्तुलं रिकामी करून टेबलावर," ट्वायला गरजली. "शिट्टी झाली की स्वतः भरायचं, स्वतः खेचायचं, पाच गोळ्या. एकेकानं. ओडेल, तू पहिला."

शिट्टी वाजली. ओडेलनं मॅगझिनमध्ये गोळ्या भरल्या, स्लाइड धरली आणि खेचली. काही नाही. पुन्हा खेचली. मानेच्या शिरा टरारल्या, चेहरा बिटासारखा झाला, ओठांतून कुकरची शिट्टी होते तसा आवाज निघाला, पण स्लाइड ढिम्म. मागच्या पाचांपैकी कुणी त्याच्याकडं बघेना. हार्मन ढग बघत होता. डुएन बुटाची नाडी बांधत होता, आणि त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

ओडेलनं पिस्तूल टेबलावर ठेवलं.

"ट्वायला, मला नाही जमत. माझे हात गेले. दर रविवारी व्हर्लीन खेचून देते."

आता हसतील, असं त्याला वाटलं. कुणी हसलं नाही. मग हार्मननं घसा साफ केला. "मला मार्जी देते."

"मलाही," डुएन नाडीतून वर न बघता म्हणाला. "म्हणजे मार्जी नव्हे. आमची."

चौथ्यालाही बायकोच द्यायची. पाचवा विधुर, त्याला मेव्हणी देत होती, आणि त्यासाठी ती सोळा मैलांवरून यायची, त्यामुळं तिथं वेगळीच कुजबुज सुरू झाली. राहता राहिला लायल. तो छाती काढून म्हणाला, "मला येतं खेचता." मग जरा थांबून म्हणाला, "पण मी एप्रिलपासून त्यात गोळ्याच घातल्या नाहीत. खिशात उडाली तर?"

ट्वायलानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे सहा महिने या चर्चचं रक्षण कोण करत होतं?" तिनं गाड्यांकडं वळून अशी शिट्टी फुंकली की खाणीत ती दोनदा घुमली. "बायांनो, खाली उतरा!"

व्हर्लीन तोंडातलं अंडं संपवत आली, खट् केलं आणि पाचही गोळ्या निशाणाच्या कागदाच्या मधोमध घातल्या. मार्जीनं पाचात चार. दुपारपर्यंत मंडळ बदललं: पिस्तुलं पाच बायकांच्या पर्समध्ये, आणि पुरुषांनी जमेल ते करावं.

रविवारी ओडेल अंथरुणातच. "मला बरं नाही," म्हणाला. व्हर्लीन त्याच्या शर्टाची बटणं स्वतः लावू लागली, न विचारता.

"ऊठ. मी मागच्या बाकावर आहे. दारात कोण उभं राहणार?"

"आता दारात माझं काय काम?"

"पिस्तूल बघायला लोक तुझ्याकडं यायचे का रे?" ती चिडून म्हणाली. "चल!"

तो गेला, पाय ओढत, हलक्या खिशानं. दारात उभा राहिला. पहिलाच आला बर्ट्रम पोग, गुरंवाला, ज्याच्या हस्तांदोलनानं बैलही कळवळेल. दर रविवारी ओडेल दात आवळून हसायचा आणि डोळ्यांतलं पाणी गवताच्या ऍलर्जीवर ढकलायचा. पोगनं पंजा धरला आणि आवळला.

"हळू रे," ओडेल म्हणाला. "दुखतंय."

पोगनं चटका बसल्यासारखा हात सोडला. "कधीपासून?"

"सहा वर्षं झाली."

"सहा? अरे, मग बोलायचं की गाढवा!"

"कसं बोलणार? पहाऱ्यावर होतो ना."

पोगनं आपले दोन्ही हात पुढं केले आणि ओडेलचा सुजलेला हात त्यांत नुसता ठेवून घेतला, जराही न दाबता. त्याच्या मागं रांग वाढत चालली होती, आणि पोगला काही घाई नव्हती.