कढत पाण्यातली पुडी

घसा सुजून ताप आला म्हणून मामा, म्हणजे माझे सासरे, शिरूर अनंतपाळहून लातूरला आमच्याकडे आले. डॉक्टरांनी अँटिबायोटिक गोळ्या लिहून दिल्या आणि त्या गोळ्यांनी पोट बिघडू नये म्हणून सोबत प्रोबायोटिकच्या पुड्या. पोटाला लागणारे चांगले जंतू असतात त्यात, पाण्यातून द्या म्हणाले.

मामांना दुपारच्या जेवणावर ताक लागतंच. मी ते पहिल्याच दिवशी बंद केलं. घसा दुखत असताना आंबट-गार काही नाही, हा माझा कायदा. पुडीसुद्धा मी कढत पाण्यात घालायची आणि समोर उभी राहून प्यायला लावायची. ते फुंकर मारत बसले की म्हणायची, "गार करू नका मामा, घसा शेकू द्या."

चौथ्या दिवशी त्यांना जुलाब सुरू झाले. सकाळी धोतर खराब झालं. ऐंशीच्या घरातला तो माणूस न्हाणीचं दार ओढून ते स्वतः धूत बसला, सुनेला कळू नये म्हणून. मला कळलं होतं. तरी मी बाहेरूनच ओरडले, "फ्रिजमधलं ताक चोरून प्यालात ना? लहान लेकरू आहात का?" शेजारीण वाटी परत द्यायला दारात आली होती. तिनं सगळं ऐकलं.

"न्हाई गं माय, न्हाई पिलो," मामा आतून म्हणाले. माझा काही विश्वास बसला नाही.

परत डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "पुडी गरम पाण्यात नाही ना देत? जंतू मरतात."

कढत दुधात विरजण घातलं तर दही लागत नाही, हे कुठल्या बाईला माहीत नाही? मी तर शाळेत विज्ञान शिकवते. आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही, कोमट पाण्यात."

मामांचा ओठ पोळून लाल झाला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हाव, कोमटच देती," ते म्हणाले. "मीच चोरून ताक पिलो व्हतो."

डॉक्टर हसले. "चोरता कशाला आजोबा? खुशाल प्या."

आता मामा आले की शेजारीण हटकून विचारते, "काय काका, फ्रिजला कुलूप लावलं का सुनेनं?" मामा तिच्याबरोबर हसतात. मी अजून तिला खरं सांगितलेलं नाही.