चाखलेली माती

माती चाखल्याशिवाय तिच्याबद्दल अवाक्षर बोलायचं नाही, असा नेम पाळणारा माणूस साऱ्या गोंदिया जिल्ह्यात एकच असेल, आणि तो सौंदडजवळच्या आमच्या गावात आमच्या घराला लागून राहतो. आम्ही त्यांना काकाजी म्हणतो, पण ते नात्याचे नाहीत. आठवीत माझी शाळा सुटली आणि घरात कुणाला माझं तोंड बघवेना, तेव्हा "जेवला का बे, का नुसता बसून राहिला?" असं खेकसून त्यांनीच मला ताटावर बसवलं आणि दुसऱ्या दिवशी कामाला लावलं.

त्यांची धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं शेत, नहराच्या, कालव्याच्या खाली होती. पाणी पाझरून, मीठ वर येऊन ती पांढरी फटक पडलेली, रोवलेला धान जळून जायचा. काकाजींच्या थोरल्या भावानं ती विकायला म्हणून वीटभट्टीवाल्याला दाखवली, तर तो नाक मुरडून म्हणाला, "इसकी ईंट तो सफेद पड़ जाएगी, भाऊ." काकाजींना कोण आनंद! त्यांनी चर खणला आणि बांधीभर घोळ लावली. ही भाजी मातीतलं मीठ पिते. पण कापून बाहेर न्यावी लागते, तिथंच कुजली तर मीठ पुन्हा मातीत. म्हणून गावात आलेला लाईनमन असो की सोयरीक घेऊन आलेला पाहुणा, जुडी घेतल्याशिवाय सुटका नाही. घरात तर रोज घोळच. "मीठ कायले घालून राहिली? आहे तिच्यात!" यावर काकी म्हणायच्या, "मंग तुमीच चरा!" ते चरायचे. मग हिरवळीच्या खताचा धैंचा पेरून गाडायचे, चिमूटभर माती जिभेवर ठेवायचे आणि थुंकायचे. "खारी."

काही वर्षांनी एकदा ते थुंकलेच नाहीत. "गोड होऊन राहिली बे," एवढंच म्हणाले. त्या साली लोंब्या वाकल्या.

आणि त्याच हिवाळ्यात भट्टीवाला परत आला. सातबारा थोरल्याच्या नावावर, त्यानं माती विकली. खारी होती तोवर बांधी काकाजींची होती. आम्ही ती विटांच्या लायकीची करून दिली. आता तिथं खड्डा आहे. माझं कामही गेलं, आणि मी इथं कोकणात कोळंबीच्या तळ्यावर आलो. इथला बांध मिठानं पांढरा पडतो. 

परवा काकाजींचा फोन आला. भट्टीवर गेले होते म्हणे.

"तिथं कायले गेले, काकाजी?"

"एक वीट चाखून पायली."

पुढे तेच म्हणाले, "गोड आहे बे." मग नेहमीसारखं विचारलं,

"तू जेवला का?"