वरच्या बांधीत कोण होतं?

आधीच सांगतो, मी भूतखेत मानणारा माणूस नाही. आमच्या घरात बुद्धवंदना होते, अंगारे-धुपारे नाही. कोणाच्या अंगात आलं म्हटलं की मी तोंडावर हसतो. त्यामुळे हे लिहायला माझी मलाच लाज वाटून राह्यली... पण असो.

मागच्या पावसाळ्यात बायको गेली. भद्रावतीचं घर खायला उठायचं, म्हणून लहान बहीण शकुन मला कुरखेड्याकडे तिच्या गावी घेऊन आली. पण घास काही उतरेना. कपडे अंगावर लोंबायला लागले. शकुन रडायची, "दादा, असंच करशीन तर तू बी जाशीन ना रे!" मग ती डबा बांधून द्यायची, मी डोंगराकडे फिरायला जायचो, आणि डबा गुपचूप कोणाच्या तरी गाईला.

त्या डोंगरावर जुन्या बांध्या आहेत — उतारावर दगडांचे बांध रचून एकाखाली एक केलेली धानाची शेतं. कोणी केली, कधी सोडली, गावात कोणालाच ठाऊक नाही. आत आता साग उभा आहे, पण बांध जागचे हललेले नाहीत. एवढ्या माणसांचे हात लागले आणि आता चिटपाखरू नाही... बघून जीव कसानुसा व्हायचा.

एका दुपारी तिथंच बांधाला टेकून डबा उघडला. आमच्याकडे शेतात डबा उघडला की शेजारच्या बांधीत हाक द्यायचीच, कोणी येवो न येवो. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "या हो जेवाले!"

वरच्या बांधीतून उत्तर आलं — "जेवा भाऊ, जेवा. आमचं झालं आत्ताच."

बाईचा आवाज. माझ्या बायकोचा नव्हता हो — तुम्ही तेच म्हणणार, म्हणून सांगतो. अनोळखी, कामानं दमलेला, साधा आवाज. वाटलं, सरपणाला आली असेल कोणी. बरं वाटलं. आणि खरं सांगू? भात, वरण, लाखोळीची भाजी, सगळं चाटूनपुसून खाल्लं.

मग दोन शब्द बोलावे म्हणून वर चढलो. कोणीच नाही! कमरेएवढं वाळलेलं गवत, एक काडी मोडलेली नाही, झाडाझाडांमध्ये कोळ्यांची जाळी. तेव्हा मात्र डबा उचलला आणि तडक खाली उतरलो.

घरी येऊन शकुनला सांगायला लागलो. "तिकडे कोनी नाई जात दादा," एवढंच म्हणाली. मग रिकामा डबा पाहून तिनं डोळ्यांना पदर लावला, पुढचं काही ऐकलंच नाही.

प्रतिध्वनी म्हणाल तर तो माझेच शब्द परत देईल, "आमचं झालं" कसा म्हणेल? भास म्हणता? म्हणा बापा. मला काही उलगडा झालेला नाही.

अजूनही रोज तिथंच जाऊन जेवतो, पोटभर. हाक मात्र परत मारली नाही. भुताची भीती नाही वाटत हो...

उत्तर नाही आलं तर?