मावसोबांची सल्लागार-पाहणी

आमच्या मावसोबांनी जन्मात कुठलीही वस्तू, जनावर किंवा माणूस पहिल्या खेपेला पसंत केलं नाही, आणि यात माझी मावशीही आली. तिला पाहायला ते तीनदा गेले होते. तिसऱ्या खेपेला मावशी पोहे घेऊन बाहेर आलीच नाही. "बघायचं ते दोनदा बघून झालंय, आता नुसतं खायाचं असलं तर स्टँडवर हाटेल हाय," असं ती आतूनच म्हणाली, आणि मावसोबांनी तिथल्या तिथं होकार देऊन टाकला. छत्री घ्यायची तर ते दुकानातच उघडून नळाखाली धरत. नव्या चपला पायात घातल्या की पैसे देण्याआधी कराडच्या मंडईला एक फेरी मारून येत, आणि दुकानदार बिचारा त्यांच्या पायांवर डोळे लावून मागून चालत असे. माठ घेताना तर पाणी भरून ते कुंभाराच्याच ओट्यावर दुपारभर बसले होते, आणि पाणी गार झाल्यावर आधी कुंभाराला पाजलं. पलटणीत सुभेदार होते, त्यामुळे या प्रकाराला ते 'इन्स्पेक्शन' म्हणत. आम्ही त्याला छळ म्हणत असू.

पलटण सुटल्यावर त्यांनी इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यात पहारेकऱ्यांचे मुख्य म्हणून दुसरी नोकरी केली. सत्तरच्या दशकात कधीतरी तिथूनही ते निवृत्त झाले, फंडाचे पैसे एकदम हातात आले, आणि गावातल्या प्रत्येकाला सल्ला सुचू लागला. कुणी म्हणे कोंबड्या पाळा, कुणी म्हणे ट्रक घ्या. तासगावचा एक पाहुणा द्राक्षबागेचं इतकं रसभरीत वर्णन करून गेला की मावशीला रात्रीची भाकरी आंबट लागली. मावसोबा सगळ्यांचं ऐकून घेत आणि चहा पाजून त्यांना वाटेला लावत. मग एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले. मी कराडला शाळेत भूगोल शिकवत होतो आणि नंबर लावून कितीतरी वर्षांनी मिळालेली एक स्कूटर माझ्याकडे होती. मावसोबांच्या लेखी माझी लायकी त्या स्कूटरपुरतीच होती.

"मास्तर, स्कीम न्हाई बघायची आपल्याला. सल्ला देनारा मानूस बघायचाय," ते म्हणाले. "मी हाय तवर माजं मी बघीन. पन तुजी मावशी माज्यापरीस धा-बारा वर्सांनी ल्हान. पोरी आपापल्या घरी. माज्यामागं ही ब्यांकेच्या दारात उभी ऱ्हायली आन कुनी उडवून लावली, तर मी काय करनार तवा?"

या माणसाला कशाची भीती वाटते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि मी मुकाट्यानं स्कूटरमध्ये पेट्रोल भरलं.

पहिला उमेदवार कराडातच होता. खाजगी फायनान्स कंपनी, गोल फिरणारी खुर्ची, डोक्यावर पंखा आणि तोंडात 'दामदुप्पट' हा शब्द. तो तक्ते दाखवत होता आणि मावसोबा छताकडे पाहत होते. त्याचं संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "वडील कुटं असत्यात?" वडील मेढ्याच्या वरच्या अंगाला गावी असतात, तिकडची हवा त्यांना मानवते, असं उत्तर आलं. झालं. पुढच्या रविवारी आम्ही ती हवा बघायला मेढ्याच्या डोंगरात. चढ आला की मावसोबा उतरून चालत आणि स्कूटरच्या आधी वर पोचून माझी वाट पाहत. म्हातारबाबा अंगणात नाचणी पाखडत बसले होते. "कराडचे का तुमी?" ते म्हणाले. "आमचा पोरगा भेटला तर सांगा, चष्म्याची काच फुटलीया. दिवाळीत सांगितलं हुतं, इसरला आसंल." मावसोबांनी तो चष्मा खिशात घातला, साताऱ्याला येऊन काच बसवून घेतली, आणि मला पुन्हा तो डोंगर चढायला लावला. परत येताना माझ्या पाठीमागून फक्त एक शब्द ऐकू आला, "डिसमिस."

दुसरे होते सांगलीचे एक नामांकित करसल्लागार. घर प्रशस्त, आणि वडील घरातच, आरामखुर्चीत, पांढरेशुभ्र धोतर नेसून. आम्ही नुसती ओळख सांगितली आणि त्यांनी मुलाचं कौतुक सुरू केलं. मुलगा म्हणजे देवमाणूस, सून म्हणजे लक्ष्मी, दूध वेळेवर, औषध वेळेवर. माझे तर डोळे पाणावले. एकदाचा सल्लागार मिळाला आणि माझी सुटका झाली, या आनंदात मी स्कूटरला किक मारली. पुलावर पोचतो तोच मागून आवाज आला, "डिसमिस."

मी गाडी थांबवली. माझं डोकं खरंच फिरलं होतं. "अहो मावसोबा, आणखी काय करायला हवं होतं त्या मुलानं?"

"तू तोंडाकडं बघत हुतास," मावसोबा म्हणाले. "पडद्याआड सुनंच्या बांगड्या वाजल्या की म्हातारा दूध-अवशीद सुरू करायचा. बांगड्या गप झाल्या की ह्योबी गप. मी गेटवर उभा ऱ्हायलेला मानूस हाय, मास्तर. भ्यालेला मानूस मला लांबनं कळतो."

हे सगळीकडे असंच चाललं. कुठल्याही सल्लागाराला त्यांनी व्याजाचा दर म्हणून विचारला नाही. आईबाप दाखवा, एवढंच. इस्लामपूरचा एक विमा एजंट तर आम्ही त्याच्या बहिणीसाठी स्थळ घेऊन आलोय असं समजला आणि त्यानं आम्हाला जेवायलाच बसवलं. मावशी वैतागून गेली होती. "आवं, माजं दात हायत तवर ठरवा," ती म्हणायची, "मागनं पैशे मिळून चावू काय मी?" मावसोबा यावर मिशीतल्या मिशीत हसत.

मग एके दिवशी मी शाळेतून घरी आलो, तर मावसोबा न सांगतासवरता येऊन माझ्या आईपुढे बसलेले. आई म्हणजे मावशीची थोरली बहीण. वडील गेल्यापासून ती माझ्याकडेच होती. त्या वेळी ती ऐन रंगात आली होती. "सांगून सांगून जीभ झिजली, न्हाणीचा नळ अजून गळतोय. रेडिओला शेल आणतो, माज्या ब्याटरीला आणायला इसरतो. आन ही सून चहात गूळ घालती का नुसती गुळाची ढेप दाखवती, देवाला ठाऊक." बायको भाकरी थापता थापता आतून म्हणाली, "आई, कालपासून दुप्पट घालतेय, तुम्हालाच कळेना." "तर तर, माजीच जीभ गेली आता," आई म्हणाली. मी लाजेनं अर्धा झालो. एवढा डोंगरदऱ्या धुंडाळणारा परीक्षक, आणि त्याच्यापुढे घराची ही लक्तरं. मावसोबांनी मात्र पोटभर जेवण केलं, आईला नमस्कार केला, आणि दारात चपला घालता घालता मला म्हणाले, "उद्या ब्यांकेत ये. सल्लागार नेमला तुला."

"मला? मला पैशातलं ओ की ठो कळत नाही."

"ठाव हाय. व्याज किती ते ब्यांकेच्या भित्तीवर लिवल्यालं असतंय."

"आणि आईच्या एवढ्या तक्रारी ऐकल्यात त्या?"

"त्याच ऐकाय आलो हुतो," मावसोबा म्हणाले. "लेकाच्या घरात, सुनंच्या देकत, पाव्हण्याफुडं म्हातारी खनखनीत भांडती. तिला भ्या न्हाई. माज्या बायकूला असलंच घर पायजे."

मी घाबरून ते पैसे सरकारी बँकेच्या मुदत ठेवीत आणि पोस्टाच्या सर्टिफिकिटांत घातले, म्हणजे कुठलाही शहाणा सल्लागार ज्याला नाक मुरडेल असंच केलं. मावसोबा दर तिमाहीला येऊन माझं इन्स्पेक्शन करून जात. काही वर्षांनी ते गेले. सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत नव्हते. जन्मभर प्रत्येक गोष्ट पारखून घेणाऱ्या माणसाला त्या एका बाबतीत मात्र तेवढी सवड मिळाली नाही.

त्यानंतरच्या तिमाहीला मी मावशीला स्कूटरवर बसवून व्याज घ्यायला बँकेत नेलं. ती वाटभर अंग चोरून बसली होती. परत सोडताना म्हणाली, "तुला लय तरास हुतोय रं माज्यापायी. लय गुनाचा हायस." मला सांगलीचं ते पांढरंशुभ्र धोतर आठवलं. पुढच्या खेपेला ती शेजारणीकडे माझ्या बायकोचं कौतुक करत होती, सून असावी तर अशी वगैरे. मला जेवण गोड लागेना. कुणाला सांगणार, की मावशी चांगलं बोलतेय म्हणून मी काळजीत आहे?

तिसऱ्या खेपेला शाळेच्या परीक्षा होत्या. मावशी एसटीनं एकटीच पुढे आली होती. मी धावतपळत पोचलो तेव्हा बँक बंद व्हायला आली होती. मावशी बाकड्यावरून उठली आणि भरल्या बँकेत म्हणाली, "कुटं उलथला हुतास? सकाळधरनं बसलीया मी हितं. आन ती स्कूटर तरी धूत जा कवातरी, परत्येक डावाला माजं लुगडं काळं हुतंय. मास्तर म्हनं."

कारकुनानं लेखणी खाली ठेवली. रांगेतली माणसं वळून पाहू लागली. मावशी मागच्या सगळ्या तिमाह्यांची कसर काढत होती आणि मी मान खाली घालून उभा होतो, डोळ्यांत पाणी येऊ न देता. सगळी बँक ऐकत होती. ज्यांनी ऐकायला हवं होतं, ते मावसोबा तेवढे तिथं नव्हते.