लेम्पीआजीचं नारिंगी यंत्र

वादळ पहाटे थांबलं आणि आमच्या गल्लीत बर्फ उडवायची यंत्रं धडाधड सुरू झाली. शेजारची लेम्पीआजी एकाहत्तर वर्षांची. तीस वर्षं तिने शाळेत स्वयंपाक केला. तिचं नारिंगी यंत्र नवऱ्याच्या वेळचं, दोरी ओढून चालू करायचं.

माझं नवंकोरं बॅटरीचं यंत्र पाहून ती ओरडली, "काय रे आर्विड, मोबाइल चार्ज करून आणलास वाटतं?"

"आवाज नाही, धूर नाही! बघाच आता, आजी!"

भुसभुशीत बर्फ मी असा काही उडवला की तिच्याआधी माझं अंगण साफ! मी नाचायचाच बाकी होतो. पण खरी परीक्षा दारात असते. रस्ता साफ करणारी गाडी जाताजाता प्रत्येकाच्या दारात बर्फाची कमरेएवढी, टणक भिंत रचून जाते. त्या भिंतीपुढे माझी बॅटरी मान टाकून बसली.

"चल रे मेल्या!" म्हणत आजीने आपल्या नारिंगी यंत्राला लाथ घातली. तिची भिंत मेपलच्या झाडाच्या शेंड्यावरून उडाली, मग माझीही! गल्लीभर टाळ्या वाजल्या.

तेवढ्यात ती गाडी परत आली, आमच्या दोघांच्या दारांत नवी भिंत रचून हॉर्न वाजवत निघाली. मी शिवी हासडणार, तोच आजीने माझी बाही ओढली.

"गप! माझी लेक चालवते ती गाडी."

"मग तिला सांगा ना!"

"सांगितलं की, फोन करून. म्हटलं, अजून एक फेरी मार." आजीने दोरीला हात घातला. "एवढी मजा, आणि इतक्यात संपवायची?"