समुद्रपूरच्या समाजमंदिरातला चष्मा

प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मानवजातीच्या इतिहासाला कलाटणी देणारी एक घोषणा होत आहे. नगरचे एक जोडपे, वय दोघांचे मिळून एकशे बारा, सामान चार नग आणि लोणच्याची एक बरणी, धर्मसेवेसाठी वर्धा जिल्ह्याकडे प्रस्थान करीत आहे. गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे.

ही घोषणा मी स्वतःच केली, आमच्या निरोपाला आलेल्या मंडळीसमोर. तीस वर्षं बसस्थानकावर गाड्या पुकारल्या. स्वतःची गाडी पुकारायची संधी सोडतो होय! चर्चचे पाळकसाहेब प्रार्थना करायला उभे राहिले होते, ते हसायलाच लागले. लेक रूथ मात्र रडली. माझी आई असती तर तिने नेहमीचं वाक्य ऐकवलं असतं, ‘परक्या गावात पहिल्यांदा वाढलं तर नाही म्हणू नये, दुसऱ्यांदा वाढलं तर हो म्हणू नये.’ माऊली कधी विदर्भात आली नव्हती. इथे दुसऱ्यांदा वाढताना कुणी विचारतच नाही.

नगरला राहिलेल्यांसाठी, आणि आमच्यासारख्याच पिशव्या भरून गावोगावी गेलेल्या जोडप्यांसाठी हे लिहितो आहे. आपल्या नेमणुकीतली ती अट तुम्हाला ठाऊकच आहे : जोडप्याने जायचं तिथे जोडीने जायचं. मी स्थानकावर, सुनंदा दवाखान्यात नर्स. आम्ही तीस वर्षांचा संसार दारात एकमेकांच्या हाती किल्ली देत केला. आता कोथिंबीर आणायलाही दोघं. सुरुवातीला तिला माझ्या बोलण्याचा आणि मला तिच्या गप्प बसण्याचा फार त्रास झाला. किराणा दुकानदार म्हणायचा, “काकू, काका हरपून जातीन म्हून संगं घेऊन फिरता का?” सुनंदा म्हणायची, “हरवत नाहीत हो. खूप प्रयत्न करून पाहिला.”

समुद्रपुरात दोन खोल्या मिळाल्या. सकाळी बीपी तपासणं, दुपारी शिवणवर्ग, आणि आमचा मोठा प्रकल्प म्हणजे जवळचं पाहायच्या चष्म्यांचं शिबिर. समाजमंदिराच्या भिंतीवर मी अक्षरांचा तक्ता लावला, माईक हातात घेतला आणि पहिलं नाव पुकारलं : कौसल्याबाई.

कौसल्याबाई सत्तरीच्या. गोधड्या शिवण्यात वस्तीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण दोन वर्षांपासून सुईत दोरा जात नव्हता. नात प्रणिताचं बाळंतपण महिन्यावर आलेलं. वस्तीतलं प्रत्येक तान्हं त्यांच्या हातच्या दुपट्यात गुंडाळलं गेलं होतं, आणि स्वतःच्याच नातीच्या बाळाचं दुपटं अर्धवट पडलेलं.

“मावशी, वरची ओळ वाचा,” मी माईकवरून म्हणालो. एकदा. मग, ऐकू आलं नसेल म्हणून, आणखी मोठ्याने. त्यांनी पदर सावरला आणि त्या निघून गेल्या. पाठोपाठ अख्खी रांग गेली. समाजमंदिरात मी, सुनंदा आणि दोनशे चष्मे उरलो.

“शाबास,” सुनंदा म्हणाली.

संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो, अर्थात जोडीनेच. त्या ओसरीवर बसल्या होत्या.

“साहेब, मले वाचता येत नाई, हे साऱ्या गावाले माईकवर सांगाची काय गरज होती?”

मी माफी मागितली. माईकशिवाय.

“अन् दुसरं सांगा. चष्म्यासंगं धरम बदलाव लागते का? आमच्या मायबापानं दीक्षा घेऊन एकदा बदलला. लय मानानं जपून राह्यलो आमी. आता पुन्हा नाई.”

“चष्म्याबरोबर फक्त डबी मिळते, मावशी,” सुनंदा म्हणाली. “ती पण नको असेल तर ठेवू नका.”

प्रणिता आतून खुदकन हसली. सुनंदाने तिच्याकडून सुपात तुरीची डाळ मागवली आणि एकेक चष्मा लावून कौसल्याबाईंना खडे निवडायला सांगितलं. चौथ्या चष्म्याला त्या थांबल्या. सुपातून त्यांनी बारीकसा खडा उचलला आणि नातीकडे रोखून पाहिलं. “रोज हेच खाऊ घालून राह्यली का वं मले?”

पण खरी परीक्षा सुईची. ती घरात नाही, चारचौघांतच द्यायची असं त्यांनीच ठरवलं. ज्या ठिकाणी मान खाली गेली तिथेच ती वर व्हायला हवी होती.

रूथ फोनवर विचारते, “पप्पा, घरी कधी येणार?” नगरचं घर आहेच, आणि नेमणूक संपली की तिथे जायचंच आहे. पण पन्नाशी उलटल्यावर माणसाला जो तो नुसता मान देत सुटतो. घर म्हणजे जिथे कुणीतरी तो देणं बंद करतं. इथे सहा महिने मी ‘साहेब’ होतो. किती वाजेपर्यंत, तेही सांगू शकतो : माफीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीन.

तक्ता काढून टाकला होता, आणि माईक सुनंदाने कुलपात ठेवला होता. बायका गोल करून बसल्या. कौसल्याबाईंनी चष्मा चढवला, दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं केलं. पहिल्यांदा हुकलं. कुणी चकार शब्द काढला नाही. मीसुद्धा नाही, याची नोंद व्हावी. दुसऱ्यांदा दोरा आरपार गेला. त्यांनी मांडीवरचं दुपटं उलगडलं, दोन टाके घातले, तिसरा घातला. मग मान वर करून त्या सगळ्यांकडे एकेक करून पाहू लागल्या. नजर माझ्यावर आली आणि छातीपाशी अडकली. माझ्या पांढऱ्या शर्टाचं तिसरं बटण, निळ्या दोऱ्याने, आदल्याच आठवड्यात सुनंदाने लावलेलं. आणि सुनंदा माझ्या शेजारीच उभी.

“अगे माय! हे बटन कोन्या आंधळ्यानं लावलं गा? काढ तो शर्ट, आन इकडे!”