आक्कासाठी केलेलं आइस्क्रीम

मी गाव सोडलं त्या सकाळी आक्का माझ्याबरोबर निपाणीच्या मोटार स्टँडपर्यंत चालत आली. माझं गठुडं तिनं सबंध वाटेत माझ्या हातात दिलं नाही. आई मी लहान असतानाच गेलेली. आक्का माझी थोरली बहीण. लग्न होऊन गेली आणि वर्षभरात विधवा होऊन परत आली. तेव्हापासून मला न्हाऊ घालणं, शाळेत धाडणं, मारणं, जवळ घेणं, सगळं तिच्याकडेच होतं. वडिलांना, आप्पांना, मला शेतात घ्यायचं होतं. बेळगावच्या हायस्कुलात मला घालायचं हे तिनंच लावून धरलं. मोटार सुटायला वेळ होता, तरी ती थांबली नाही. "वखारीत खाडा पडंल," म्हणाली आणि वळून चालायला लागली. तंबाखूच्या वखारीत ती पानं निवडायला जायची. मी खिडकीतून तिच्या पाठीकडे बघत होतो. तिनं मागं बघितलं नाही.

गावात राहिलात त्या तुम्हाला, आणि माझ्यासारखे बेळगावला, पुण्याला, मुंबईला गेलात त्या तुम्हालाही हे सांगतो आहे. आपण गेलो ते शिकायला, पोटाला. त्यात वाईट काही नव्हतं. पण गेल्यावर आपण मागच्यांना काय विचारलं आणि काय विचारलंच नाही, ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

मी मॅट्रिक झालो, ट्रेनिंग झालं, बेळगावात मास्तर झालो. आधी अनगोळात एका खोलीत राहिलो, मग लग्न झाल्यावर टिळकवाडीत दोन खोल्या घेतल्या. तोंडात टाइमटेबल, स्टाफरूम, इन्स्पेक्शन असे शब्द बसले. 'न्हाय'चं 'नाही' कधी झालं ते कळलंही नाही. गावाकडचं कुणी शनिवारच्या बाजाराला आलं की मी विचारायचो, "आक्का कशी आहे?" उत्तर ठरलेलं असायचं, "बरं हाय म्हणून सांगितलंय." मला ते उत्तर सोयीचं होतं. आप्पा गेल्यावर ती एकटी राहिली, तेव्हा मी म्हणालो होतो, "आता तुला बेळगावला नेतो." मग जागा लहान निघाली, मग मुलं झाली, मग मुलांच्या शाळा आल्या. माझ्या मुलीच्या, मालतीच्या बारशाला ती आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. रात्री ती चुलीजवळ अंगाची मुटकुळी करून झोपलेली मी पाहिली होती. तरी मी तिला राहा म्हणालो नाही.

एका उन्हाळ्यात बाजाराला आलेल्या शेजाऱ्यानं सांगितलं, "आक्काच्या घशाखालनं पाणी उतरंना झालंय. तुला सांगू नगं म्हणाली हुती, पर मी सांगतोय." त्याच दुपारी मी गावाला गेलो. ती घोंगड्यावर पडली होती, गळा एका बाजूनं सुजलेला. मला बघून उठून बसली आणि खुणेनं विचारलं, जेवलास का.

मी तिला बेळगावला घेऊन आलो. तिथल्या कॅम्पातल्या, लष्कराच्या छावणीतल्या डॉक्टरांनी घशातलं गळू फोडलं. म्हणाले, काही दिवस गरम काही नको, गार आणि पातळ तेवढं द्या. माझ्या बायकोनं, सुशीलेनं, पेज निववून दिली, दूध गार करून दिलं. आक्का दोन घोट घ्यायची आणि वाटी बाजूला सारायची. वाळून नुसती काडी झाली होती.

तेव्हा मालती म्हणाली, "बाबा, आत्यासाठी आपण आइस्क्रीम करूया?"

तिनं ते आमच्या रस्त्यावरच्या वकिलांच्या बंगल्यात, कुणाच्या तरी वाढदिवसाला खाल्लं होतं. त्यांच्याकडे हँडल फिरवायचं मशीन होतं. ते मागायला जायचं सुशीलेच्या जिवावर आलं. ती म्हणाली, "मशीन कशाला? डबा बर्फात फिरवला की झालं." मी कॅम्पातून बर्फाची लादी आणली, भुशात घोळवून गोणपाटात गुंडाळलेली. दूध आटवून, साखर-वेलदोडा घालून, निववून तिनं झाकणाच्या पितळी डब्यात ओतलं. मुलांनी गोणपाटावर बत्त्यानं बर्फ फोडला. बादलीत मधे डबा, भोवती बर्फ आणि खडे मीठ. मालती आणि तिचा धाकटा भाऊ बाळू दोघं समोरासमोर बसले आणि आळीपाळीनं डबा इकडून तिकडे फिरवू लागले. हात गारठले की काखेत घालायचे, पुन्हा फिरवायचे. आक्का बाजेवरून बघत होती. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू दिसलं.

मुलांना धीर कुठला. दर थोड्या वेळानं झाकण उघडून आत बघत होती. शेवटी कडेला धरलेलं खरवडून मालतीनं वाटीत घेतलं आणि आत्याला नेऊन दिलं. आक्कानं एक चमचा तोंडात घेतला. थांबली. मग दुसरा घेतला. हळूहळू सगळी वाटी संपवली.

"कसं झालंय आत्या?"

"ग्वाड," आक्का घोगऱ्या आवाजात म्हणाली. "लई ग्वाड झालंय."

"मग तुझ्या डोळ्यात पाणी का आलं?"

"गार हाय की गं."

मुलं नाचत अंगणात गेली. मी डब्यात राहिलेलं बोटावर घेऊन चाखलं आणि तसंच थुंकलं. झाकण उघडताना मिठाचं पाणी आत गेलं होतं. घशातली ओली जखम, आणि तिच्यावरून आक्कानं वाटीभर खारट दूध गिळलं होतं.

"आक्का, खारट होतं ते. का खाल्लंस?"

"पोरीचं त्वांड बघितलंस न्हवं? किती येळ घुसळत हुती." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यात काय एवढं. उतरलं की घशाखाली."

मी बाहेर जाऊन उभा राहिलो. इतकी वर्षं बाजाराला येणाऱ्यांबरोबर ती 'बरं हाय' म्हणून निरोप धाडत होती, त्यामागंही असंच काहीतरी गिळलेलं होतं. आणि मी वर्गात मुलांचे चेहरे वाचणारा माणूस, माझ्या बहिणीचं एक वाक्य मला वाचता आलं नाही. वाचायचंच नव्हतं, हे जास्त खरं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बर्फ आणला. या वेळी सुशीलेनं झाकणाच्या फटीला भोवतीनं कणीक लावून टाकली आणि मुलांना सांगितलं की मी सांगेपर्यंत उघडायचं नाही. मीही शर्टाच्या बाह्या सारून त्यांच्यात बसलो. डबा फिरवता फिरवता जड होत गेला. उघडला तेव्हा आत पांढरं, घट्ट धरलेलं होतं. आधी मी चाखलं, मगच आक्काला वाटी दिली.

तिनं डोळे मिटून घास तोंडात विरघळू दिला. मग हळूच म्हणाली, "हे आप्पास्नी मिळाय पायजे हुतं."

"का गं?"

"शेवटच्या तापात सारखं गार पाणी मागत हुतं. माठातलं दिलं तर म्हणायचं, हे गरम हाय, गार आण. मी विहिरीवर जायची, ताजं काढून आणायची. त्यास्नी तेबी गरमच लागायचं."

मला हे माहीत नव्हतं. तेव्हा माझी ट्रेनिंगची परीक्षा होती, आणि तिनं मला आप्पा गेल्यावरच बोलावणं धाडलं होतं. परीक्षेच्या त्या दिवसांत आम्ही पोरं संध्याकाळी कॅम्पात फिरायला जायचो. बर्फाच्या गाडीवरून लाल सरबत प्यायचो. तोच बर्फ, तेच दिवस. मी हातातली वाटी खाली ठेवली. आक्काला वाटलं आपण बोलायला नको होतं. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "तुला कुठं ठावं हुतं रं शिवा. खा, पातळ व्हाया लागलंय."

खाल्लं. चव काही लागली नाही.

आठ-पंधरा दिवसांत तिचा घसा सुधारला. भाकरी दुधात कुस्करून खायला लागली, आणि लगेच म्हशीची आठवण काढायला लागली. सुशीला मनापासून म्हणाली, "वन्सं, आता इथंच राहा." मीही म्हणालो. आक्का म्हणाली, "तुमचं समदं चांगलं हाय. पर हितं दिवसभर बसून मी करू काय?" मी तिच्याकडून एकच कबूल करून घेतलं, वखारीत पुन्हा जायचं नाही. तिनं मान हलवली.

बेळगावच्या स्टँडवर मी तिला मोटारीत बसवलं. मुलांच्या गालावरून हात फिरवून झाला. मग मला जवळ बोलावून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "शिवा, पुढच्या येळंला मी बरी असताना न्हे रं मला."

मोटार गेली. मालती विचारत होती, "बाबा, आत्या काय म्हणाली?" मी तिला खोटं सांगितलं.

मी त्याच आठवड्यात जायला हवं होतं. गेलो दिवाळीच्या सुट्टीत. मुलांनाही घेऊन गेलो. आक्का दारात सारवत होती. मला बघितलं तशी शेणाचे हात तसेच धरून उभी राहिली, चेहरा उतरला.

"कोण आजारी हाय रं?"

"कोण न्हाय, आक्का."

"मग?"

"असंच आलोय. तुला न्ह्यायला."

लोक मला विचारतात, मास्तर, तुमचं घर कुठलं? पूर्वी मी गावाचं नाव सांगायचो आणि वर्षवर्ष तिकडे फिरकायचो नाही. आता नाव सांगताना जीभ अडखळते. जिथं माझं माणूस मला बघून आधी घाबरतं, त्या ठिकाणाला मी घर कसं म्हणू? ते पुन्हा म्हणता यावं म्हणून आता दर सुट्टीत जातो. काही काम नसताना जातो.

त्या दिवशी तिनं म्हशीचं शेजारणीला सांगितलं, ट्रंकेतलं लुगडं काढून नेसली आणि आमच्याबरोबर निघाली. मालतीचा हात धरून ती पुढे चालली होती, मी मागे. वाटेत भेटेल तो काळजीनं विचारायचा, काय आक्का, परत दवाखान्याला का? आणि आक्का प्रत्येकापाशी थांबून सांगत होती, "न्हाय वो, बरी हाय मी. भावाकडं चाललेय. अशीच."